दोन कापडांचं गाव

सोलापुरात कापडगिरणी काढणं हा तसा उफराटाच उद्योग. कापसाचा धागा ओलाव्यावर जगतो. हवेत बाष्प असलं की तंतूला बळ येतं, तो लवचीक राहतो, शेजारच्या तंतूला धरून राहतो. हवा कोरडी पडली की तो ताठरतो, घासून घासून त्यात वीज साठते, तंतू एकमेकांपासून फटकून उभे राहतात आणि धागा घडीघडी तुटायला लागतो. कताईच्या खात्यात साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते, विणाईच्या खात्यात ७५ ते ८० टक्के. मुंबईच्या गिरण्यांना यातलं बरंचसं समुद्राकडून फुकट मिळत होतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचं धुणं अर्ध्या तासात खडखडीत वाळतं.

मग करायचं काय? जमिनीवर पाणी मारायचं, बॉयलरची वाफ नळाने खात्यात सोडायची, पुढे पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं बसवायची. बाहेर ४२ अंश आणि आत मुद्दाम दमट केलेली हवा, वर पत्रा, खिडक्या बंद. उघड्या ठेवल्या तर वाऱ्याने धागा तुटतो. धाग्याला जे मानवतं तेच माणसाला सोसत नाही, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. गिरणीचं छत करवतीच्या दात्यांसारखं तिरपं असे आणि त्यातल्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत, ते याचसाठी. उजेड आत यावा, पण ऊन थेट धाग्यावर आणि माणसावर पडू नये. सोलापूरच्या गिरणीबद्दल बोलताना लोक चिमणीपासून सुरुवात करतात. खरं तर छतापासून करायला हवी.

एवढी अडचण असूनही गिरणी इथेच निघाली, याला कारणं होती. १८६० साली जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे सोलापूरला पोचली. १८६३ साली बोरघाटातली लाइन खुली झाली आणि मुंबईचा रस्ता सलग झाला. तोवर अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटून तिथला कापूस बंद पडला होता आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सोलापूर ही आधीपासूनची पेठ, तीही निजामाच्या मुलखाच्या तोंडावरची, त्यामुळे गाड्या भरभरून कापूस इथे उतरे. १८७१ मध्ये आदिला नदी अडवून एकरुखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, बांधून झाला आणि पाण्याची सोय झाली. कापूस, रेल्वे आणि पाणी जमलं. राहिला प्रश्न माणसांचा. तो १८७६-७७च्या दुष्काळाने सोडवला, असं म्हणणं क्रूर वाटेल, पण तारखा तेच सांगतात. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला आणि १८७७ मध्येच मुरारजी गोकुळदासांची 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' सुरू झाली. शेत गेलेल्या माणसाला रोजाची मजुरी देणारं दार नेमकं त्याच वर्षी उघडलं.

हीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. तिच्या अवतीभवतीची मुरारजी पेठ आजही आहे, फक्त तिथे राहणाऱ्या कितीजणांना हे मुरारजी कोण ते ठाऊक असेल, शंकाच आहे. मुरारजींचे चिरंजीव नरोत्तम मुरारजी आणि सोलापुरातच १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद या दोघांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन उभी केली. तिचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं आणि तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाचा जहाजांशी असा संबंध असावा, ही गंमतच.

जुन्या मिलमागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी आणि जाम या गिरण्या आल्या. नावांवरूनच पैशाची वाट दिसते. मुरारजी मुंबईचे भाटिया व्यापारी. नरसिंगगिरजी हैदराबादच्या गोसावी सावकार घराण्यातले. जाम मिलला जामनगरच्या रणजितसिंहजींचं नाव, तेच क्रिकेटवाले. भांडवल मुंबईचं, हैदराबादचं, काठियावाडच्या नावाचं; राबणारे हात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारे. १९०१च्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या ७५ हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती साडेनऊ लाखांवर गेली. सोलापूरकर एका वाक्यात तीन भाषा वापरतो आणि शेवटी 'बे' लावतो, त्याचा पाया इथे आहे.

पण गिरण्यांची यादी म्हणजे सोलापूर नव्हे. या गावात कापडाचे दोन धंदे पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदले. स्टेशनच्या आणि पेठांच्या बाजूला गिरण्या, तर पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, जोडभावी पेठ, भवानी पेठ या पट्ट्यात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग. गिरणी आली म्हणजे हातमाग मेला, असं आपण शाळेत शिकतो. सोलापुरात तसं सरळ घडलं नाही. गिरणीच्या कापडाने विणकराचं काही गिऱ्हाईक नेलं हे खरं, पण गिरणीच्या सुताने त्याचा मागही चालवला. हाताने कातलेल्या सुतापेक्षा गिरणीचं सूत एकसारखं, स्वस्त आणि गावातच मिळणारं.

इथे सुताच्या नंबराचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण सगळं त्यावर फिरतं. ८४० यार्डांची एक लडी धरायची. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर. २० नंबर म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड धागा. ४० नंबर म्हणजे त्याच्या दुप्पट लांब आणि तितकाच बारीक. नंबर वाढला की सूत बारीक होतं. दख्खनचा देशी कापूस आखूड धाग्याचा. त्याला फार बारीक कातायला गेलं तर तंतू एकमेकांना पुरेशी पकड घेत नाहीत आणि पीळ कितीही दिला तरी सूत कच्चं राहतं. म्हणून सोलापूरचं सूत मुख्यतः जाड नंबरांचं. लुगडी, खण, पटके, धोतरं यांना हेच सूत लागे. गिरणी आणि माग यांची सांगड बसली ती या जाड सुतामुळे. आणि पुढे चादरीसारखं जाड कापड याच गावाच्या नावाने ओळखलं जावं, यात फारसं आश्चर्य नाही.

गिरणीत हे सूत घडायला खाती किती! १७० किलोची गाठ फोडली की रुई ब्लो रूममध्ये पिंजून निघते, कार्डिंगला तिचे तंतू विंचरले जातात, ड्रॉइंगला सहा-आठ पेळू एकत्र ओढून एकसारखे केले जातात, स्पीड फ्रेमला त्याची जाडसर वात होते आणि शेवटी रिंग फ्रेमवर पीळ बसून सूत. या प्रत्येक ठिकाणी मागच्या खात्याची चूक पुढे जाते, लपत नाही. कार्डिंगला राहिलेली गाठ रिंग फ्रेमवर सूत तोडते, तिथून निसटली तर विणाईत फणीला अडते.

सगळ्यांत नाजूक खातं मात्र कांजीचं. विणताना उभा ताणा फणीतून दर फेरीला घासला जातो. साधं सूत ते घासणं सोसत नाही, त्याची लव उभी राहते आणि ते तुटतं. म्हणून विणण्याआधी ताण्याच्या सुताला कांजी चढवायची. मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, चिंचोक्याचं पीठ, त्यात मऊपणासाठी थोडी चरबी. हे सगळं उकळून एकजीव करायचं, त्यातून हजारो धाग्यांचा सलग पट्टा बुडवून काढायचा, रुळांत पिळायचा आणि वाफेने तापलेल्या मोठ्या नळकांड्यांवर वाळवायचा. सुताच्या वजनाच्या साधारण दहा टक्के कांजी अंगी लागली की काम झालं. कमी लागली तर लव दबत नाही. जास्त लागली तर धागा काडीसारखा होतो आणि वाकताना मोडतो. कांजी नीट शिजली नाही तर गुठळ्या बसतात आणि शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात. आणि सोलापुरातली खास अडचण म्हणजे धागा फाजील वाळणं. नळकांड्यांवर थोडा जास्त वेळ राहिला, त्यात बाहेरची हवा कोरडी, की चांगली बसलेली कांजीही पापुद्र्यासारखी झडते. मग विणखात्यात साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, शिव्या देतो, त्याच्यावरचा मुकादम, म्हणजे जॉबर, कांजीखात्याकडे बोट दाखवतो, कांजीखातं सुताकडे. मजुरी तुकड्यावर असल्याने प्रत्येक तुटलेल्या धाग्याचा भुर्दंड मात्र साचेवाल्याच्याच खिशाला.

गिरणीतलं मनुष्यबळ सगळं आपखुशीने आलेलं नव्हतं, हेही लिहून ठेवायला हवं. इंग्रजांनी ज्या जमातींवर कायद्याने 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता, त्यांना कुंपणात डांबून ठेवण्याच्या वसाहती काढल्या. त्यातली एक मोठी सोलापुरात होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही आणि काम करायला गिरणीत जायचं. गिरणीला पळून न जाणारा कामगार मिळे आणि सरकारला 'सुधारणा' केल्याचं समाधान. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तारेचं कुंपण सुटलं, वस्ती राहिली. 'सेटलमेंट' हे त्या भागाचं नाव अजून पत्त्यात लिहिलं जातं. सोलापूरच्या गिरणीच्या आठवणींत भोंगा येतो, चाळी येतात, भजनी मंडळं येतात, ही तार मात्र क्वचितच येते.

१९३०चं मार्शल लॉ प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, पुढचे काही दिवस गावात सरकार नावालाही उरलं नाही, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं. चार नावांतून गावाची अख्खी वस्ती दिसते. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला हे सांगायला नको. एवढं मात्र सांगावंसं वाटतं की रस्त्यावर उतरलेली गर्दी बऱ्याच अंशी गिरण्यांतून बाहेर पडलेली होती. एका भोंग्यावर हजारो माणसं एकाच वेळी रस्त्यावर येतात, अशी सोय मागांच्या गल्लीत नव्हती.

सोलापूरच्या गिरणीची दुसरी एक गोष्ट मात्र गावातच फारशी कुणी सांगत नाही. देशातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असते. १९४९च्या ऑगस्टमध्ये जुन्या मिलच्या चालकांनी गिरणीला टाळं लावलं. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि त्या काळात कापडाची देशभर टंचाई. केंद्र सरकारने जानेवारी १९५०मध्ये, राज्यघटना लागू व्हायला काही दिवस उरले असताना, वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. मालकी भागधारकांकडेच, पण संचालक सरकारने नेमलेले. पुढे त्याचा कायदा झाला. एका कंपनीसाठी, तिचं नाव घालून केलेला कायदा!

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्याचा प्रश्न साधा होता: देशात इतक्या गिरण्या असताना कायदा एकट्या सोलापूरच्याच गिरणीला का? घटनेने सगळे समान मानलेत ना? डिसेंबर १९५०मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कायदा उचलून धरला. परिस्थिती तशी असेल तर एखादी कंपनी किंवा एखादा माणूससुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकतो, आणि कायदा चुकीचा आहे हे दाखवून देण्याचं ओझं आव्हान देणाऱ्यावर, असं सूत्र त्यातून निघालं. समानतेच्या हक्कावरच्या निकालांत आजही या खटल्याचा हवाला येतो.

गोष्ट इथे संपली नाही. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अर्धवट भरलेल्या शेअरची उरलेली रक्कम भागधारकांकडून मागितली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने ती द्यायला नकार दिला आणि तो खटलाही वरपर्यंत गेला. डिसेंबर १९५३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: नाव व्यवस्थापनाचं असलं तरी हे मालमत्ता काढून घेणंच आहे आणि भरपाई न देता ते करता येत नाही. म्हणजे तोच कायदा, तेच न्यायालय, तीन वर्षांत निकाल उलटा. मग १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती आली आणि ठरावीक मुदतीसाठी व्यवस्थापन ताब्यात घेण्याची वाट सरकारने घटनेतच करून घेतली. आजारी गिरण्या सरकारने चालवायला घेण्याचं जे पर्व पुढे देशभर चाललं, त्याचा घटनात्मक घोळ पहिल्यांदा निस्तरला गेला तो सोलापूरच्या गिरणीवरून. जुनी मिल मात्र त्यातून सावरली नाही, ती कायमची बंद पडली. नरसिंगगिरजी मिलही पुढे राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली.

गिरण्या का बंद पडल्या, याचं उत्तर सोलापुरात हमखास एका शब्दात मिळतं. मालकधार्जिण्या माणसाकडून 'युनियन', कामगाराकडून 'मालक'. मुंबईचा १९८२चा संप इथे उगाच ओढून आणला जातो. तो मुंबईचा होता. सोलापूरचं दुखणं त्याआधीचं आणि संथ होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारने गिरण्यांतल्या मागांची संख्या वाढू द्यायची नाही असं धोरण ठेवलं, हातमागाला वाचवायला. हातमाग त्याने वाचला असं म्हणवत नाही, पण मधल्या मध्ये यंत्रमाग फोफावला. तोच लॅंकेशायर पद्धतीचा साचा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तोच धोटा, त्यातली तीच सुताची कांडी. फरक इतकाच की तो गिरणीच्या छताखाली असला तर त्याला अबकारी कर, कामगार कायदे, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, कँटीन, दवाखाना लागू. आणि गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-चार करून मांडला तर यातलं जवळजवळ काहीच नाही. कापड तेच, खर्च निम्मा नसला तरी बराच कमी. १९८५च्या वस्त्रधोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातला भेद काढून टाकला आणि न चालणारी गिरणी बंद करायला मोकळीक दिली, तोवर खेळ जवळपास आटोपला होता. मालकांनी नफ्याच्या वर्षांत नवी यंत्रं घेतली नाहीत, हेही तितकंच खरं. विसाव्या शतकाच्या सरत्या वर्षांत आणि त्यानंतर थोड्याच काळात एकेक भोंगा थांबला. गिरण्यांतले जुने साचे भंगाराच्या भावाने निघाले आणि त्यातले बरेच गल्ल्यांतल्या शेडमध्ये पुन्हा चालू झाले.

म्हणून सोलापुरात कापड बंद पडलं हे म्हणणं मला पटत नाही. बंद पडली ती महिन्याच्या ठरावीक तारखेला होणाऱ्या पगाराची हमी. चिमण्यांवर हळहळणाऱ्या लेखांत हे येत नाही, कारण चिमणीचा फोटो चांगला येतो आणि पत्र्याच्या शेडचा येत नाही.

त्या शेडमध्ये काय चालतं ते नीट पाहण्यासारखं आहे. सोलापुरी चादरीची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, आणि ती विणते मागाच्या डोक्यावर बसवलेली जेकार्ड. आधी नक्षी आलेखाच्या कागदावर काढतात, एक चौकोन म्हणजे एका धाग्याची एक चाल. मग प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी. धागा वर उचलायचा असेल तिथे भोक, खाली ठेवायचा असेल तिथे कोरी जागा. या पट्ट्या दोऱ्याने एकामागोमाग एक ओवून त्यांची माळ करतात आणि ती माळ मागाच्या वर फिरत राहते. प्रत्येक फेरीला एक पट्टी सुयांच्या रांगेवर दाबली जाते. भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि आकडा सुटतो. विजेचं यात काही नाही, संगणकाचंही नाही. मोटर आहे ती फक्त फिरवायला.

बिघडतं कुठे? पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो आणि भोक सुईच्या समोर येत नाही. त्याच भोकांवर वर्षानुवर्षं सुया आपटून ती मोठी होतात, मग शेजारची सुईही फसून आत जाते. ओवलेला दोरा ढिला झाला की पट्टी तिरकी बसते. यातलं काहीही झालं की मोराची मान एका ओळीत तुटते आणि हे पाच-सात इंच विणून झाल्यावर लक्षात येतं. उसवायचं तर वेळ जातो, तसंच सोडलं तर चादर 'सेकंड'मध्ये जाते. दोन्हीकडून नुकसान कुणाचं, ते सांगायला नको.

चादर दुहेरी विणीची. दोन रंगांचा ताणा असतो. नक्षीत जिथे लाल वर येतो तिथे पांढरा खाली जातो. म्हणून चादर उलटली की तीच नक्षी रंग बदलून दिसते. दोन थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, त्यामुळे सुती असूनही ऊब आहे. धुऊन धुऊन ती मऊ होत जाते; नवी कोरी चादर खरखरीत लागते ती कांजीमुळे. पहिल्या धुण्यात रंग जात असेल तर रंगाईत कसूर झालेली आहे. सूत रंगवून नीट खळबळलं नाही की वरवर बसलेला रंग सुटतो.

टॉवेलची करामत वेगळी. टेरी टॉवेलला दोन ताणे, दोन वेगळ्या बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळांवर. एक ताणलेला, दुसरा मुद्दाम सैल. दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच सोडायचे आणि तिसऱ्या बाण्याला फणीने तिन्ही एकदम ठोकायचे. ताणलेला ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा मात्र बाण्यांबरोबर पुढे सरकतो आणि त्याची कडी वर उभी राहते. टॉवेलचे ते मऊ वेढे म्हणजे हे सगळे सैल धागे. साहजिकच सैल ताण्याची बीम दुसरीपेक्षा कितीतरी लवकर संपते. सैलपणा थोडा कमी-जास्त झाला की एका पट्ट्यात वेढे उंच, दुसऱ्यात बुटके. चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते मिळवणारी ही महाराष्ट्रातली पहिली उत्पादनं.

आता मजुरीचं गणित. हिशेबापुरतं धरू की माग मिनिटाला ११० फेऱ्या टाकतो, इंचाला ४० बाणे आहेत आणि चादर ९० इंच लांब आहे. म्हणजे एका चादरीला ३,६०० बाणे, माग एकदाही थांबला नाही तर ३३ मिनिटं. पण कांडी संपते, धागा तुटतो, वीज जाते. शंभरातला सत्तर वेळ माग चालला तरी चांगलं म्हणायचं. मग चादरीला पाऊण तास. आठ तासांत एका मागावर दहा चादरी. एक कामगार दोन माग सांभाळतो. मजुरी नगावर, म्हणजे माग थांबला की मजुरीही थांबली. वीज कंपनीने दुपारी दोन तास लाइन बंद ठेवली तर त्या दोन तासांचं कुणीच काही देत नाही. गिरणीतही मजुरी तुकड्यावरच होती, पण बॉयलर बंद पडल्यावर काय द्यायचं यावर भांडायला तिथे युनियन होती आणि ते भांडण ऐकायला औद्योगिक न्यायालय. चार मागांच्या शेडमध्ये कामगार मालकाच्या शेजारच्याच घरात राहतो, त्याच जातीचा असतो, बऱ्याचदा उचल घेतलेला असतो. भांडायचं कुणाशी?

आणि मागावरचा नवरा महिन्याला जे आणतो त्यात घर भागत नाही, म्हणून पूर्व भागात बिडी आहे. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, सकाळी फर्म्याने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडून दोरा बांधायचा. हजाराच्या हिशेबाने मजुरी आणि तपासनिसाने नापास केलेल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला. त्यांचे पैसे नाहीत. कित्येक घरांत कायम नोंद असलेली, फंड कापला जाणारी एकमेव व्यक्ती ही बिडी वळणारी बाई आहे. मागवाल्या पुरुषाचं नाव कुठल्याही मस्टरवर सापडत नाही. घरासाठीची लढाईदेखील याच बायकांच्या जोरावर झाली. कामगार पुढारी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली, तिचं उद्घाटन २००६ मध्ये मनमोहन सिंगांनी केलं. त्याच कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये नरेंद्र मोदींच्या हस्ते देण्यात आली. गिरणीच्या काळात मालक चाळ बांधायचा. आता कामगारांना स्वतः संस्था काढून, सरकारशी भांडून, गावाबाहेर जाऊन घर मिळवावं लागतं. घर मात्र मालकीचं होतं, चाळीतली खोली कधीच नव्हती. हा फरक मोठा आहे.

गेल्या काही वर्षांत गणवेश शिवणारे कारखाने सोलापुरात वाढले आहेत, देशभरच्या शाळांचा माल इथून जातो. कापड मात्र बहुतेक बाहेरून येतं, कारण गणवेशाला लागतं ते पॉलिएस्टरचं बारीक मिश्र कापड. इथला जुना माग ते विणू शकत नाही आणि त्यासाठी लागणारा बिनधोट्याचा नवा माग चार मागांच्या शेडवाल्याला परवडत नाही.

चादरीची खरी स्पर्धा पानिपतशी आहे. तिकडून येणारी चादर सोलापुरी म्हणून निम्म्या भावात रस्त्यावर मिळते. टाकाऊ कपडे फाडून केलेलं सूत आणि त्यात पॉलिएस्टरची भेसळ. ओळखायची असेल तर एक धागा ओढून काडी लावावी. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मग चादर उलटी करून पाहावी, मागची नक्षी रंग बदलून तितकीच स्वच्छ दिसली पाहिजे. आणि वजन हातात घेऊन पाहावं. पूर्ण मापाची चादर किलोच्या आत भरत असेल तर सुताचा नंबर वाढवलाय किंवा इंचातले बाणे कमी केलेत. दुकानदाराला इंचाला किती बाणे आहेत असं विचारलंत, तर तो बहुधा आतल्या कप्प्यातला माल काढील.